विहीर एक, मोटर एक

या वीकांताचा विषय जरा कोरडा आहे. बिल्डमध्ये एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या घुसल्या तर काय करायचं? आयटीतल्या लोकांना हे वाचून एक तर जांभई येईल नाहीतर अंगावर काटा, ज्याचा त्याचा अनुभव. आयटीत नसलेल्यांनी लगेच खिडकी बंद करू नका, पुढे विहीर, भेंडी आणि धरणं येणार आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. व्हर्जनचं भांडण टूलला परस्पर मिटवू द्यायची आपल्याला जी सवय लागली आहे, ती महागात पडते. टूल भांडण मिटवत नाही, फक्त आवाज बंद करतं. मग तेच भांडण रात्री दोन वाजता प्रॉडक्शनवर उगवतं. त्यामुळे या कारणाने बिल्ड फुटत असेल तर फुटू द्या, निकाल माणसांनी लावा आणि तो का लावला ते लिहून ठेवा. बाकी सगळं याचंच स्पष्टीकरण आहे.

आधी थोडी ओळख. आपण आयटी हमाल जे सॉफ्टवेअर लिहितो, त्यात आपण स्वतः लिहिलेलं फार थोडं असतं. लॉग लिहिणं, जेसन वाचणं, एक्सेल फाइल बनवणं, डेटाबेसशी बोलणं, हे सगळं कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं आहे. ते उचलायचं, आपल्या प्रोजेक्टच्या यादीत त्याचं नाव आणि आवृत्तीचा क्रमांक टाकायचा, झालं. पण त्या लायब्ररीची स्वतःची एक यादी असते. तिच्यातल्या प्रत्येकीची आणखी एक. आपण वीस नावं लिहितो आणि बिल्ड सुरू केला की दोनशे जार फाइली धडाधड उतरायला लागतात.

आता या दोनशेंमध्ये कुणीतरी दोघी एकाच तिसरीवर अवलंबून असतात. एकीला तिसरीची जुनी आवृत्ती हवी असते, दुसरीला नवी. कागदावर काढलं तर पतंगासारखा चौकोन होतो. वर आपण, मधे त्या दोघी आणि खाली ती तिसरी. म्हणून याला डायमंड डिपेंडन्सी म्हणतात. जावामध्ये साध्या क्लासपाथवर एका नावाचा एकच क्लास लोड होतो (क्लासलोडरचे खेळ करणाऱ्यांनी इथे जरा दुर्लक्ष करावं). म्हणजे दोघींपैकी एकीला मन मारावं लागणार. कुणी मारायचं?

हा प्रश्न मला कॉलेजातल्या चार वर्षांत कुणी विचारला नाही. आमच्या गावच्या विहिरीने मात्र विचारला.

मुरबाड तालुक्यात आमचं गाव आहे. पावसाळ्यात भात, भात निघालं की वाल, हरभरा आणि पाणी पुरेल तेवढा भाजीपाला. विहीर सामाईक, आमची आणि चुलत्यांची. सातबाऱ्यावर इतर हक्कात तशी नोंदही आहे. विजेचं कनेक्शन एक, त्यामुळे मोटर एक. तीन एचपीची. कित्येक वर्षं कुणाची काही तक्रार नव्हती. मग काकांनी भेंडीसाठी ठिबक बसवलं. ठिबकला दाब लागतो, जुनी मोटर पुरेना. त्यांना पाच एचपीची हवी. आमची पाइपलाइन जुनी, जोडांवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. मोठी मोटर चालवली की तिसऱ्या जोडाला कारंजं.

यात चूक कुणाची? कुणाचीच नाही. काकांचं ठिबक बरोबर, आमची लाइनही जुन्या मोटरसाठी बरोबरच. दोघांनी आपापल्या काळात योग्य तेच केलं होतं. फक्त विहीर एक आणि मोटर एक.

आता आपली बिल्ड टूल्स हे भांडण कसं सोडवतात ते बघा, गंमत आहे.

मेव्हन म्हणतं, ज्याचं घर विहिरीच्या जवळ त्याची मोटर. डिपेंडन्सीच्या झाडात जी आवृत्ती आपल्या प्रोजेक्टपासून कमी पायऱ्यांवर सापडेल ती घ्यायची. दोन्ही सारख्याच अंतरावर असतील तर यादीत जिचं नाव आधी लागलं ती. म्हणजे पोम फाइलमध्ये दोन ओळींची अदलाबदल केली तर वेगळी लायब्ररी उतरू शकते! जुनी का नवी याच्याशी मेव्हनला देणंघेणं नाही.

ग्रेडल म्हणतं, सगळ्यात मोठी मोटर लावा. जी आवृत्ती सर्वांत नवी, ती जिंकली. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण आमच्या पाइपला विचारा.

एनपीएम म्हणतं, भांडता कशाला, ज्याला त्याला वेगळी विहीर खणून देतो. जावास्क्रिप्टमध्ये एकाच पॅकेजच्या दोन आवृत्त्या वेगवेगळ्या फोल्डरमध्ये सुखाने नांदू शकतात. नोड मॉड्यूल्सचं फोल्डर फुगून टुम्म होतं ते वेगळं. पण काही गोष्टी दोन असून चालतच नाहीत. एका पानावर रिअ‍ॅक्टच्या दोन प्रती आल्या की हुक्स चालेनासे होतात आणि जो एरर येतो त्यात खरं कारण तीन शक्यतांपैकी एक म्हणून कुठेतरी लपलेलं असतं.

पायथनच्या पिपची गोष्ट आणखी वेगळी. नोव्हेंबर २०२० मध्ये २०.३ आवृत्ती येईपर्यंत पिप जो आधी भेटेल त्याचं ऐकून पुढे जायचं. २०.३ पासून तो पंचायत बसवतो. सगळ्यांच्या अटी ऐकतो, सर्वांना चालेल अशी आवृत्ती शोधतो आणि नाहीच सापडली तर हात वर करतो. तेव्हा लोकांनी भरपूर शिव्या घातल्या, की कालपर्यंत चालणारं इन्स्टॉल आज चालत नाही म्हणून. माझ्या मते पिपचं बरोबर होतं. कालपर्यंत 'चालत' नव्हतं, कालपर्यंत कुणी सांगत नव्हतं.

आणि गो. रस कॉक्सने मांडलेली पद्धत अशी, की प्रत्येकाने आपल्याला कमीत कमी किती लागतं ते सांगायचं आणि त्या किमानांमधलं सर्वांत मोठं घ्यायचं. बाजारात त्याहून नवी आवृत्ती आली असली तरी तिच्याकडे बघायचं नाही. वर एक अट, की मोठा बदल करून जुन्यांची मोडतोड करणार असाल तर पॅकेजचं नावच बदला. म्हणजे ती वेगळीच विहीर झाली. मला ही पद्धत आवडते, कारण त्यात नशिबाचा भाग सर्वांत कमी आहे.

असो. पाच टूल्स, पाच न्याय. यातलं कुठलंही टूल तुमचा कोड वाचत नाही. ते फक्त क्रमांक वाचतात. खरा प्रश्न क्रमांकांचा नसतोच.

एक ठोस उदाहरण घेऊ. गूगलची गुआवा ही जावातली सगळीकडे पसरलेली लायब्ररी. तिच्यात 'ऑब्जेक्ट्स' नावाच्या क्लासमध्ये 'टूस्ट्रिंगहेल्पर' अशी एक छोटी सोय होती. १८ व्या आवृत्तीत ती दुसऱ्या क्लासमध्ये हलवली आणि जुनीवर 'लवकरच जाणार' अशी पाटी लावली. २१ व्या आवृत्तीत जुनी काढून टाकली. रीतसर, सांगून सवरून केलेला बदल. पण एखादी जुनी लायब्ररी १८ च्या आधीच्या गुआवावर कंपाइल झालेली असते आणि तुमच्या प्रोजेक्टमधली दुसरी नवी लायब्ररी गुआवा ३० आणते. ग्रेडलने ३० निवडली, तर जुनी लायब्ररी ती गायब झालेली सोय शोधत राहते. मेव्हनने जवळची म्हणून जुनी निवडली, तर नवीला हवं असलेलं काहीतरी नसतं. दोन्हीकडे निकाल एकच, नोसचमेथडएरर. आणि तो बिल्ड करताना येत नाही. ज्या क्षणी ती ओळ प्रत्यक्ष चालेल त्या क्षणी येतो. ती ओळ रोज चालत असेल तर नशीब. वर्षातून एकदा चालत असेल तर...

आता तुम्ही म्हणाल, क्रमांकांना काही अर्थ आहे की नाही? सेमँटिक व्हर्जनिंग म्हणून जे आहे ते याचसाठी ना? पहिला आकडा बदलला तर मोडतोड, दुसरा बदलला तर नवी सोय, तिसरा बदलला तर नुसती दुरुस्ती. कल्पना चांगली आहे, मीही पाळतो. पण तिच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही आणि याचंही कारण विहिरीवरच सापडतं.

आमच्या जुन्या मोटरच्या पाइपला एक गळती होती. कुणी मुद्दाम ठेवलेली नव्हे, नुसती गळत होती. त्या पाण्याने खालचा खड्डा कायम भरलेला असायचा आणि शेजारच्या आबांच्या म्हशी येताजाता तिथे पाणी प्यायच्या. मोटर बदलताना फिटरने ती गळती बंद केली. म्हटलं तर शुद्ध दुरुस्ती, तिसरा आकडा. दोन दिवसांनी आबा दारात. "काय रे, म्हशींचं पाणी कुणी बंद केलं?"

गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट यांच्या नावाने एक नियम प्रसिद्ध आहे. वापरणारे पुरेसे वाढले की तुमच्या सॉफ्टवेअरच्या दिसणाऱ्या प्रत्येक वागण्यावर कुणी ना कुणी विसंबलेलं असतं, करारात ते लिहिलेलं असो वा नसो. थोडक्यात, म्हशी. एररच्या मजकुरातला एखादा शब्द, यादी कुठल्या क्रमाने परत येते तो क्रम, एखादी चूकसुद्धा. लायब्ररी लिहिणारा प्रामाणिकपणे 'छोटी दुरुस्ती' म्हणून आवृत्ती काढतो आणि कुठेतरी कुणाच्या तरी म्हशी तहानलेल्या राहतात. म्हणून क्रमांक जुळले म्हणजे भांडण मिटलं असं समजू नये. टेस्ट चालवल्याशिवाय काही कळत नाही.

आता 'आवाज बंद करणं' म्हणजे काय त्याची एक प्रत्यक्षातली गोष्ट. एका प्रोजेक्टवर मी काही महिने होतो (कुठला ते सोडा). महिनाअखेरीला एक्सेलमध्ये मोठा रिपोर्ट निघायचा. एक्सेल लिहिणारी लायब्ररी नव्या आवृत्तीवर नेली होती, सुरक्षेचा मुद्दा होता म्हणून. ती नवी आवृत्ती कॉमन्स-आयओ नावाच्या आणखी एका लायब्ररीची नवी आवृत्ती मागत होती. आणि पोम फाइलमध्ये सहा वर्षांपूर्वी कुणीतरी कॉमन्स-आयओ २.४ खिळा ठोकून बसवलेलं. शेजारी कॉमेंट, इंग्रजीत, 'काढू नये'. बस्स. का काढू नये, कधीपर्यंत, काय मोडेल, काही नाही. ज्याने लिहिली तो कधीच दुसरीकडे गेलेला.

आपल्या पोममध्ये थेट लिहिलेली आवृत्ती ही मेव्हनच्या लेखी सर्वांत जवळची. त्यामुळे २.४ जिंकलं. मेव्हनने चकार शब्द काढला नाही. बिल्ड हिरवा, टेस्ट हिरव्या (एक्सेलच्या टेस्टमध्ये सगळं मॉक केलेलं), तीन आठवडे सगळं आलबेल. महिन्याच्या शेवटच्या रात्री रिपोर्ट सुरू झाला आणि नोसचमेथडएरर. टीममधल्या चार जणांच्या दोन रात्री गेल्या. बदल शेवटी एका ओळीचा होता. त्या ओळीपर्यंत पोहोचायला वेळ लागला, कारण सगळे नव्या लायब्ररीत दोष शोधत होते आणि त्या कॉमेंटला हात लावायची कुणाची छाती होत नव्हती.

लक्षात घ्या, सहा वर्षांपूर्वी ज्याने २.४ बसवलं त्याच्याकडे तेव्हा काहीतरी खरं कारण असणार. चांगल्या माणसाने घाईच्या दिवशी केलेलं काम. त्याने कारणाची एक ओळ लिहिली असती तर पुढच्याला दहा मिनिटांत कळलं असतं, की ते कारण आता उरलं आहे की नाही. विहिरीवर जसं 'तेव्हा आबांनी सांगितलं होतं म्हणून' असं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या एखादा व्हॉल्व्ह बंदच राहतो, तसं.

आता जरा गावाबाहेर येऊ, कारण ही गोष्ट फक्त चार जणांच्या झोपेची नाही.

तुम्ही ऐरोली, महापे भागात काम करत असाल तर एक प्रश्न. तुमच्या हापिसातलं पाणी कुठून येतं? 'नळातून' हे उत्तर चालणार नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एमआयडीसीला पाणी पुरवणाऱ्या धरणांतलं मुख्य धरण म्हणजे बारवी. एमआयडीसीनेच बांधलेलं, बदलापूरजवळ. त्याच्या बुडिताखाली मुरबाड तालुक्यातली गावं गेली आहेत. मुंबईत राहत असाल तर तुमच्या सात तलावांतला सगळ्यात मोठा भातसा शहापूर तालुक्यात आहे. सातांच्या एकूण साठ्यातला जवळपास निम्मा एकट्या भातसाचा. १८९२ पासून मुंबईला पाणी देणारं तानसाही शहापूर तालुक्यातलंच. आणि त्याच शहापूरमध्ये एप्रिल-मे आला की गावांना आणि पाड्यांना टँकरने पाणी द्यावं लागतं. दरवर्षी बातमी येते, दरवर्षी आपण पान उलटतो.

ट्रान्झिटिव्ह डिपेंडन्सी म्हणजे हेच. आपल्या यादीत जिचं नाव नाही पण जिच्याशिवाय आपला नळ कोरडा. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या बिलावर भातसा लिहिलेलं नसतं. पोम फाइलमध्येही नसतं.

डिसेंबर २०२१ मध्ये याचा झटका सगळ्या जगाला एकदम बसला. लॉग४जे या लॉग लिहिणाऱ्या जावा लायब्ररीत भोक सापडलं, लॉग४शेल. बाहेरच्या कुणीही एक विशिष्ट मजकूर पाठवायचा, तुमचा सर्व्हर तो बिचारा लॉगमध्ये लिहायला जाणार आणि त्या नादात हल्लेखोराचा कोड चालवणार. इतकं सोपं. मी तेव्हा नोकरीत अगदी नवा होतो. त्या आठवड्यात सगळीकडे एकच प्रश्न होता, 'आपण लॉग४जे वापरतो का?' आणि बहुतेक ठिकाणी खरं उत्तर होतं, 'माहीत नाही'. कारण बहुतेकांनी ते स्वतः घेतलेलं नव्हतं. कुठल्यातरी लायब्ररीच्या लायब्ररीने आणलेलं.

पुढचं जास्त महत्त्वाचं. भोक बुजवणारी २.१५.० लगेच आली. ती अपुरी निघाली म्हणून २.१६.०, मग २.१७.० आणि वर्ष संपायच्या आत २.१७.१. लॉग४जे सांभाळणारे मूठभर स्वयंसेवक रात्रंदिवस जागून हे करत होते. पण आवृत्ती बाहेर येणं आणि ती तुमच्या प्रोजेक्टमध्ये बसणं या दोन गोष्टी वेगळ्या. नव्या आवृत्त्यांना जावा ८ लागत होतं आणि जावा ७ वर अडकलेल्यांसाठी २.१२.२ अशी वेगळी आवृत्ती काढावी लागली. ज्यांनी वर्षानुवर्षं 'चालतंय ना, हात लावू नका' म्हणून सगळं गोठवून ठेवलं होतं, त्यांना एका रात्रीत एक लायब्ररी बदलायला तिच्याबरोबर आणखी डझनभर गोष्टी हलवाव्या लागल्या. ज्यांच्याकडे डिपेंडन्सीची यादी होती आणि दर महिन्याला थोडं थोडं अपग्रेड करायची सवय होती, ते संध्याकाळी घरी गेले. हा फरक नशिबाचा नव्हता.

'चालतंय ना' वाल्यांची बाजूही मला समजते. खोटं कशाला बोलू, तिच्यात तथ्य आहे. नवं आलं की लगेच उचलायचं हा दुसऱ्या टोकाचा वेडेपणा. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी पद्धतशीरपणे चोरदरवाजा बसवल्याचं उघड झालं. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय असं जाणवलं आणि त्याने खोदून काढलं म्हणून जग वाचलं. ताजं ताजं घेणारेच तेव्हा धोक्यात होते, जुन्या स्थिर आवृत्तीवरचे सुरक्षित. म्हणजे गोठवणंही नको आणि अधाशीपणाही नको. थोडं थांबून, पण नेमाने. नवी आवृत्ती आली की काही दिवस मुरू द्या, मग घ्या. पण घ्या.

न घेण्याचं व्याज कसं चढतं त्याचं एक उदाहरण स्प्रिंग बूट ३. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. त्याला कमीत कमी जावा १७ लागतं, शिवाय 'जाव्हॅक्स' नावाने सुरू होणारी एंटरप्राइज जावाची पॅकेजेस 'जकार्ता' झाली. अर्ध्या लायब्ररी जुन्या नावाच्या, अर्ध्या नव्या नावाच्या, म्हणजे कॉन्फ्लिक्टचा महोत्सव. ज्या टीम्स २.७ पर्यंत वेळेवर पोहोचल्या होत्या त्यांना हे अवघड गेलं पण जमलं. जे २.१ वर बसून होते त्यांना अख्खा माळशेज घाट एका दमात चढायचा होता, तोही पावसात.

बरं, मग करायचं काय? पुराण पुरे. मला पटलेल्या गोष्टी क्रमाने देतो.

१. आधी झाड बघा. मेव्हन, ग्रेडल, एनपीएम, सगळ्यांकडे डिपेंडन्सीचं झाड छापणारी कमांड आहे. एरर आल्यावरच नव्हे, एरवीही बघा. नवीन माणूस टीममध्ये आला की पहिल्या आठवड्यात त्याला हे झाड दाखवा. आपलं पाणी कुठून येतं ते तरी कळेल.

२. टूलला गप्प बसू देऊ नका. मेव्हनच्या एन्फोर्सर प्लगइनमध्ये असा नियम आहे, की एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या मागितल्या गेल्या की बिल्ड फोडायचा. ग्रेडलमध्येही तशी सोय आहे. पहिल्या दिवशी शंभर चुका दिसतील, घाबरू नका. आधी महत्त्वाच्या दहा घ्या.

३. तोडग्यांचा क्रम पाळा. सगळ्यात चांगला तोडगा म्हणजे मागे राहिलेल्याला पुढे आणणं, म्हणजे आमची पाइपलाइन बदलणं. ते जमत नसेल तर सगळ्यांना चालणारी एकच आवृत्ती एका जागी ठरवणं. स्प्रिंग बूट किंवा जॅक्सन यांनी एकमेकांबरोबर तपासलेल्या आवृत्त्यांची तयार यादी दिलेली असते, ती वापरा, स्वतःचं डोकं चालवू नका. तेही नसेल तर बायपास. विहिरीवर आम्ही हेच केलं. मोठी मोटर लावली आणि आमच्या पाळीला जादा पाणी परत विहिरीत सोडणारा व्हॉल्व्ह बसवला. पण बसवतानाच ठरलं होतं, की पुढच्या भाजीपाल्याच्या आधी पाइप बदलायचा. बदलला.

४. वेगळी विहीर सर्वांत शेवटी. शेडिंग म्हणजे लायब्ररीची नाव बदललेली प्रत स्वतःच्या पोटात घेऊन फिरणं. हडूप वर्षानुवर्षं गुआवा ११ वर अडकलेलं होतं आणि त्यामुळे हडूप वापरणारे सगळेच. शेवटी त्यांनी गुआवाची अशी वेगळी प्रत करून घेतली. हडूपएवढा पसारा असेल तर ते योग्यच आहे. पण पोटातल्या त्या प्रतीत उद्या भोक सापडलं तर ते बुजवायची जबाबदारी तुमची आणि वरून बघणाऱ्या स्कॅनरला ती कदाचित दिसणारही नाही.

५. कारण लिहा. आवृत्ती खिळवली किंवा एखादी वगळली, तर शेजारी दोन ओळी. कशामुळे केलं आणि काय झालं की हे काढता येईल. तारीख टाका. 'काढू नये' हे कारण नव्हे, ती धमकी आहे.

६. याला काम म्हणा. हा मुद्दा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि यात मॅनेजर मंडळींनी लक्ष घालावं. लायब्ररी अपग्रेड करणं हे नेहमी 'मधल्या वेळात कर' असं सांगून टीममधल्या सर्वांत नव्या मुलाच्या गळ्यात पडतं. त्याने नीट केलं तर कुणाला काहीच दिसत नाही आणि बिघडलं तर सगळ्यांना दिसतं. अशा कामाला कुणी स्वतःहून हात का लावेल? स्प्रिंटच्या बोर्डावर त्याचं कार्ड असू द्या, त्याला वेळ द्या आणि वर्षअखेरीच्या अप्रेझलमध्ये त्याचा उल्लेख येऊ द्या.

शेवटच्या मुद्द्यावर थोडं रेंगाळतो. आपल्याकडे नवं बांधणाऱ्याचं कौतुक होतं, सांभाळणाऱ्याचं होत नाही. धरणाच्या उद्घाटनाला मंत्री येतात, कालव्यातला गाळ काढायला कोण येतं? लॉग४जेचं नाव २०२१ आधी आपल्यापैकी किती जणांनी आदराने घेतलं होतं? ज्या लायब्ररीवर आपला पगार उभा आहे ती कुणीतरी रात्री जेवण झाल्यावर, मुलांना झोपवून, फुकट सांभाळत असतं. तिच्या दोन आवृत्त्यांमध्ये भांडण लागलं की आपण वैतागून तिलाच शिव्या घालतो, एक ओळ खरडून तिचा आवाज बंद करतो आणि चहा प्यायला जातो. मला हे बरोबर वाटत नाही. व्यावहारिक कारणं तर दिलीच, पण नुसतं वागणं म्हणूनही बरोबर वाटत नाही. ज्याच्या जिवावर आपलं चालतं त्याचं म्हणणं काय आहे हे निदान विचारावं. दोन आवृत्त्यांमधले बदल त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलेले असतात. ते वाचायला पंधरा मिनिटं लागतात. बऱ्याचदा भांडण तिथेच संपतं, कारण काय बदललं आणि का बदललं ते तिथे सरळ लिहिलेलं असतं.

अर्थात, ही सगळी माझी मतं. तुमच्या टीममध्ये याहून चांगली रीत असेल तर जरूर सांगा, मी उचलीन (आवृत्ती क्रमांकासकट!). तोपर्यंत सोमवारी हापिसात गेल्यावर एवढंच करा. तुमच्या प्रोजेक्टचं डिपेंडन्सीचं झाड काढा आणि त्यातली तुम्ही कधीही न ऐकलेली पाच नावं शोधा. ती कोण सांभाळतं आणि शेवटची आवृत्ती कधी आली ते बघा. पाचांपैकी एखादी तरी अशी निघेल, की जिची चौकशी तुम्ही आधीच करायला हवी होती.